शिवसागरात होडीवर नकाशा बघायला स्वस्तातला टॅब: काय बघून घ्यावा?

कांदाटीकर

नमस्कार मंडळी. शिवसागर म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, बामणोली-तापोळा पट्ट्यात चालणाऱ्या फायबरच्या बोटीसाठी टॅब घ्यायचाय. बोट उघडी, वर ताडपत्रीचं छत, मागं ९.९ हॉर्सपॉवरचं ओबीएम (बोटीबाहेर टांगलेलं इंजिन) आणि १२ व्होल्टची एक बॅटरी. कामं दोनच. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या धुक्यात जलाशयाच्या सोळशी नदीकडच्या फाट्यातून कांदाटी नदीकडच्या फाट्यात वळताना दिशा चुकू नये, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी उतरल्यावर उथळ कुठं ते कळावं. बजेट १५ हजार, ताणून १८. मोबाइलची रेंज नाहीच असं धरा.

दुकानदार १० इंची वाय-फायवाला टॅब गळ्यात मारतोय. "जीपीएस काय, सगळ्यात असतंच" म्हणतो. खरंय का?

नटबोल्ट

नाही. इथंच सगळ्यात जास्त लोक फसतात.

वाय-फायवाल्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसची चिप नसतेच. आयपॅडचं तर ठरलेलं आहे: सिमवाल्या मॉडेलमध्ये चिप असते, नुसत्या वाय-फायवाल्यात नसते. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक वेगळं. काही वाय-फाय टॅबमध्ये असते, काहींत नसते, आणि खोक्यावर बहुधा काहीच लिहिलेलं नसतं.

गंमत अशी की चिप नसलेला टॅबसुद्धा दुकानात नकाशावर बरोबर जागा दाखवतो. आजूबाजूच्या वाय-फायच्या खुणांवरून तो अंदाज बांधतो. साताऱ्यात राजवाड्यावर उभं राहिलात तर राजवाडाच दिसेल. बामणोलीच्या पुढं गेलात की ठिपका एकतर गोठतो नाहीतर गायब.

म्हणून दुकानातच तपासा. 'जीपीएसटेस्ट' नावाचं फुकट ॲप टाका. मग विमान मोड चालू, वाय-फाय बंद, आणि टॅब घेऊन रस्त्यावर उघड्या आभाळाखाली या. पाच मिनिटं थांबा. उपग्रहांची यादी दिसली पाहिजे, प्रत्येकापुढं सिग्नलचा आकडा पाहिजे. निदान सात-आठ उपग्रह ३० डेसिबल-हर्ट्झच्या वर असतील तर चिप आहे आणि अँटेनाही बरा आहे. यादी कोरी राहिली तर टॅब दुकानदाराच्या हातात परत. ४०च्या आसपास आकडे दिसले तर उत्तमच. सगळे २०-२५वर अडकले असतील तर चिप असूनही डोंगराच्या कुशीत तो टॅब रडवणार.

त्याच ॲपमध्ये होकायंत्राचा सेन्सर आहे का तेही बघून घ्या. स्वस्त टॅबमध्ये तो बऱ्याचदा गाळलेला असतो. नसला तरी अडत नाही, पण मग थांबलेल्या बोटीत तोंड कुणीकडं आहे ते टॅब सांगू शकत नाही. बोट ताशी ४-५ किलोमीटरनं चालायला लागली की दोन जागांमधल्या फरकावरून दिशा काढतो. धुक्यात इंजिन न्यूट्रलला टाकून बाण बघत बसलात तर बाण गरागरा फिरेल आणि तुम्हीही.

माणदेशी

सिमवालाच घ्या, विषय संपला. सिम टाकायची गरज नाही, पण सिमची सोय असलेल्या टॅबमध्ये जीपीएस असतंच असतं. दोन-तीन हजार जास्त जातील.

नटबोल्ट

बरोबर. फक्त तपासणी तरीही करा. जुना किंवा दुरुस्त केलेला घेणार असाल तर जास्तच करा. मागचं झाकण उघडून परत चिकटवताना अँटेनाचा पत्रा नीट टेकला नाही की सिग्नल निम्म्यावर येतो.

बारा_व्होल्ट

१० इंचाच्या मोहात पडू नका. उघड्या बोटीत ८ ते ८.७ इंच भरपूर झाला. मोठा पडदा वारा धरतो, क्लॅम्प हलवतो आणि बॅटरी खातो.

पडद्याचा उजेड बघा, तो 'निट'मध्ये मोजतात. १५ हजारांतले टॅब साधारण ३०० ते ४००च्या घरात असतात. छताखाली ४००मध्ये काम चालतं. उघड्या उन्हात ८००च्या खाली नीट दिसत नाही, आणि तसला टॅब या पैशात नवा मिळत नाही. त्यात टॅब तापला की तो आपणहून उजेड कमी करतो. म्हणजे नेमक्या मे महिन्यातल्या दुपारी, जेव्हा जास्त उजेड लागतो, तेव्हाच पडदा काळवंडतो. सेटिंगमध्ये काहीही करा, तो ऐकत नाही.

उपाय साधे आहेत. टॅब छताच्या सावलीत लावा, वर आणि दोन्ही बाजूंना फोमशीटचा १०-१२ सेंटिमीटरचा पडदा करा, पाठ उघडी ठेवा म्हणजे वारा लागेल. काळं जाड कव्हर काढून टाका. चुंबकाचं फ्लिप कव्हर तर नकोच, होकायंत्र बिघडतं. आणि पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर विकत घेण्याआधी गॉगल लावून टॅब उभा-आडवा फिरवून बघा. काही पडदे एका बाजूला पूर्ण काळे दिसतात.

कांदाटीकर

पाण्याचं काय? झिप लागणारी प्लॅस्टिकची पिशवी मिळते ती चालेल का?

बारा_व्होल्ट

थंडीत चालेल. हवा भरून झिप लावली तर पाण्यात पडल्यावर तरंगतेही. पण उन्हात पिशवीत टॅब भाजून निघतो, आणि पिशवीत घालून चार्जिंग लावलं तर हमखास बंद पडतो. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या आसपास गेली की चार्ज घेणं थांबवते. ती बिघडलेली नसते, स्वतःला वाचवत असते.

तुमच्या बजेटात दुसरा रस्ता आहे. सॅमसंगच्या टॅब ॲक्टिव्ह मालिकेतला जुना, दुरुस्त करून विकलेला टॅब शोधा. ८ इंची, पाण्याला टिकणारा, बॅटरी हातानं काढता येते, खाली चार्जिंगसाठी पितळी टिकल्याही आहेत. ॲक्टिव्ह-३ तर बॅटरी काढून नुसत्या वायरच्या विजेवरही चालतो. उन्हाळ्यात हे फार कामाचं, कारण तापणारी मुख्य वस्तूच बाहेर काढून ठेवता येते. ॲक्टिव्ह-२ मात्र आता जुना झाला, नवी ॲपं त्यावर अडतील. आणि एकदा उघडलेल्या टॅबच्या पाणी-रोधक आकड्यावर विसंबू नका. मागच्या झाकणाचं रबर बघा, चिरलेलं किंवा मळलेलं असेल तर तो साधा टॅब समजा.

कृष्णाकाठ

आमचं मत वेगळं. टॅब घ्यायचाच कशाला? त्याच पैशात चांगल्या पडद्याचा मोबाइल येतो. ८००-१००० निटचा ॲमोलेड, जीपीएस पक्कं, होकायंत्र पक्कं, पावसाचे शिंतोडे सोसणारा. ६.७ इंचात दिशा बघायला काय कमी पडतं?

नटबोल्ट

पडदा आणि चिप, दोन्हींत मोबाइल सरस, वाद नाही. सुकाणू धरून हातभर अंतरावरून बघायचं असेल तर मोबाइलच घ्या. पण टिलरवाल्या, म्हणजे इंजिनाच्या दांड्यानं वळवायच्या बोटीत चालवणारा मागं बसतो आणि टॅब पुढच्या खांबाला असतो. दीड-दोन मीटरवरून ६.७ इंचावरची रेघ दिसत नाही. टिलरला जवळच क्लॅम्प मारणार असाल तर थरथर फार, आणि त्या थरथरीनं मोबाइलच्या कॅमेऱ्यातली भिंगं ढिली होतात.

बारा_व्होल्ट

आता विजेचं, कारण तक्रारी सगळ्या इथूनच येतात: "चार्जिंगला लावलाय तरी उतरतोच."

हिशोब करा. ८.७ इंची टॅबमध्ये साधारण ५१०० एमएएचची बॅटरी, म्हणजे १९-२० वॉट-तास. पूर्ण उजेड आणि जीपीएस चालू असताना टॅब ४ ते ५ वॉट खातो. चार तास, फार तर पाच. १० इंचीत ७०४० एमएएच म्हणजे २७ वॉट-तास, खाणं ६ वॉटचं, हिशोब तोच.

सिगारेट-लायटरमध्ये घालायचा स्वस्त चार्जर १ अँपिअर देतो, म्हणजे ५ वॉट. त्यातून वायरमध्ये जातं ते वेगळं. २ मीटर लांब, २८ गेजची बारीक यूएसबी वायर असली तर दीड अँपिअरला सव्वा व्होल्टच्या वर वायरीतच जातात. टॅबपाशी ५ऐवजी ३.७ व्होल्ट पोचले की तो प्रवाहच कमी ओढतो. दोष चार्जरला देतात, असतो वायरीचा.

जोडणी अशी करा:

१. बॅटरीच्या प्लसपासून १५ सेंटिमीटरच्या आत ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज.
२. तिथून १.५ चौरस मिलिमीटरची दोन-कोर वायर टॅबच्या क्लॅम्पपर्यंत. लांबचं अंतर १२ व्होल्टनं कापायचं.
३. क्लॅम्पपाशी इपॉक्सीत ओतलेला १२ ते ५ व्होल्टचा, ३ अँपिअरचा कन्व्हर्टर.
४. कन्व्हर्टर ते टॅब अर्धा मीटरच्या आतली जाड यूएसबी वायर, ९० अंशात वळलेल्या टोकाची. सरळ टोक लाटेच्या धक्क्यानं सॉकेट ढिलं करतं.

ओबीएमच्या चार्जिंग कॉइलला थेट कन्व्हर्टर जोडू नका. लहान इंजिनांवर बऱ्याचदा रेग्युलेटर नसतो, इंजिन चढलं की व्होल्टेज कुठंही जातं. मध्ये बॅटरी हवीच. सेल्फ-स्टार्ट असेल तर स्टार्ट मारताना व्होल्टेज पडून कन्व्हर्टर क्षणभर बंद होतो, त्याची काळजी नको. टॅबला स्वतःची बॅटरी आहे.

वायरिंग करायचं नसेल तर १०,००० एमएएचची पॉवर बँक. आत ३७ वॉट-तास असतात, हातात २४च्या आसपास येतात. लहान टॅब एकदा पूर्ण भरला.

नकाशावेडा

टॅबवर चर्चा भरपूर झाली, पण त्यात दाखवणार काय? समुद्रासाठी देहरादूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे तक्ते असतात, बोटींच्या ॲपमध्ये खोलीचे आकडे दिसतात. शिवसागरासाठी असला खोलीचा तयार तक्ता दुकानात मिळत नाही. पैसे भरून सागरी ॲप घेतलंत तरी इथं निळा डाग दिसेल, बस.

आणि तो निळा डागही धरण काठोकाठ भरल्यावरचा. उपग्रह-नकाशात किंवा ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोयनेचा काठ साधारण पूर्ण संचय पातळीचा काढलेला असतो, ६५९.४३ मीटर म्हणजे सुमारे २१६३ फूट. मे महिन्यात ठिपका बरोबर जागी असतो, पण नकाशावरचं पाणी खोटं असतं.

'ऑसमँड' या नकाशाच्या ॲपमध्ये उंचीच्या रेषा चालू करून खोली बघायला जाणारेही आहेत. तिथं काही मिळणार नाही. असल्या रेषा बहुधा रडारच्या मोजणीवरून येतात. अमेरिकेच्या शटलनं फेब्रुवारी २०००मध्ये ती मोजणी केली, तेव्हा तिथं पाणी होतं आणि रडार पाण्याखाली जात नाही. सगळा जलाशय सपाट दिसेल.

खोलीचा नकाशा आपणच करायचा. खर्च शून्य, वेळ एक रविवार.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं 'कोपर्निकस ब्राउझर'वर फुकट आहेत. दर ५ दिवसांनी एक, १० मीटरचा एक ठिपका. जून ते सप्टेंबर ढगांमुळं विसरा. नोव्हेंबर ते मेअखेर आभाळ साफ असतं आणि पाणी उतरत असतं. आपल्याला हवं तेच. दर पंधरा-वीस दिवसांचं एक, अशी दहा-बारा चित्रं निवडा. प्रत्येक तारखेची धरणाची पातळी फुटांत रोज जाहीर होते, ती शेजारी लिहून ठेवा.

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे हाताळायचं फुकट सॉफ्टवेअर) चित्रातला हिरव्या प्रकाशाचा पट्टा आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाचा पट्टा, म्हणजे बी-०३ आणि बी-०८, घ्या. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये वजाबाकी भागिले बेरीज, म्हणजे (बी-०३ − बी-०८) ÷ (बी-०३ + बी-०८). उत्तर शून्याच्या वर ते पाणी. त्याचा पॉलिगॉन (बंद आकृती) करा, काठाची रेघ काढा, नाव त्या दिवसाची पातळी ठेवा: '२१२०'. अशा सगळ्या रेघा जीपीएक्स फाइलमध्ये काढून ऑसमँडमध्ये टाका, किंवा सगळं मिळून एमबीटाइल्स नावाची एक नकाशा-फाइल करून ओपनसीपीएन किंवा ओरक्समॅप्स या ॲपमध्ये उघडा.

वापर असा. आज पातळी २१४० असेल तर '२१२०'च्या रेघेवर २० फूट पाणी आहे. '२१३५'च्या रेघेवर ५ फूट. बाकी जे राहिलं ते सांगतो:

१० मीटरच्या ठिपक्यात काठ अर्धा ओला अर्धा कोरडा असतो, म्हणून रेघ एक ठिपका खोल बाजूला सरकलेली धरा. कांदाटीच्या बाजूला उतार खडे आहेत, तिथं चूक नगण्य. जिथं जुनी भातखाचरं सपाट पसरली आहेत तिथं एका फुटात काठ पन्नास मीटर हलतो, तिथं रेघेवर भरवसा कमी. आणि रेघ फक्त जमीन सांगते. जमिनीवर उभं असलेलं वठलेलं झाड, जुन्या घराची भिंत, बांध, यातलं काहीच १० मीटरच्या ठिपक्यात येत नाही. २० फूट पाण्यात १८ फुटांचं खोड उभं असू शकतं. ते मेअखेरीस काठानं फिरून एकेक खूण टॅबमध्येच टाकायची. खुणेपाशी आलं की वाजेल असा गजर ओरक्समॅप्समध्ये लावता येतो.

कांदाटीकर

हे भारीच की राव! सगळ्यात खालच्या रेघेच्याही आत नदीचं जुनं पात्र कुठून जातं, ते कळेल का?

नकाशावेडा

कळेल, ढोबळ. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागानं १९५०च्या दशकात भारताचे १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे काढले होते, यू-५०२ मालिका. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर स्कॅन फुकट आहेत. त्यात कोयना अजून नदीच आहे. क्यूजीआयएसमध्ये चार-पाच ओळखीच्या शिखरांवर टाचून घ्या. चूक दोनशे-तीनशे मीटरची धरा, पण कुठल्या फाट्यात खोल धार कोणत्या काठानं वाहते ते दिसतं.

नक्की खोली हवी असेल तर शेवटी सोनारच, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र. गार्मिन स्ट्रायकर प्लस ४सारखा लहान फिशफाइंडर चालता चालता खोलीच्या रेषा स्वतः काढून साठवतो. वाय-फायनं टॅबला जोडायचे सोनार मिळतात, पण टॅबचं वाय-फाय त्यात अडकतं हे लक्षात ठेवा.

हरिपूरघाट

धागा शिवसागराचा आहे, तरी सांगलीकरांचं घुसवतो. गावच्या बचाव पथकाच्या बोटीवर हाच टॅब पुराच्या पाण्यात चालेल का? कृष्णा-वारणेच्या संगमाखाली पाणी शेतात पसरलं की रस्ता कुठला, ऊस कुठला, विहीर कुठली, काही कळत नाही.

नकाशावेडा

टॅब तोच, नकाशा वेगळा. तुम्हाला खोली नको, अडथळे हवेत. आणि ते एप्रिल-मेमध्येच, कोरड्यात, दुचाकीवरून टाकायचे. कठड्याच्या आणि बिनकठड्याच्या विहिरी, तारकंपाउंड, ट्रान्सफॉर्मर, आणि रस्ता ओलांडणाऱ्या विजेच्या तारा. नावं एकाच पद्धतीनं ठेवा: 'वि', 'कं', 'ट्रा', 'ता'. पुरात लांब नावं वाचत बसायला सवड नसते.

तारांचं गणित नीट समजून घ्या. नियमानुसार लघुदाबाच्या उघड्या तारा रस्ता ओलांडताना जमिनीपासून ५.८ मीटरवर हव्यात, शेतातून जाताना ४.६ मीटरवर. शेतात ३ मीटर पाणी चढलं तर वर १.६ मीटर उरले. बोटीत उभा माणूस त्यापेक्षा उंच. जुन्या लायनीला झोळ असतो, तिथं त्याहून कमी. वीज बंद केल्याचा निरोप आला असला तरी 'ता' खुणेखाली सगळे बसूनच जाणार, बांबू आडवा, हा नियम ठेवा.

सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, ही पुलाच्या पट्टीवरची. गल्लीतली खोली नव्हे. पट्टीवर किती आकडा असताना कुठल्या चौकात पाणी शिरतं ते २०१९ आणि २०२१च्या पुरांच्या खुणांवरून गावोगावी माहीत आहे, ते त्या त्या चौकाच्या खुणेत लिहून ठेवा.

नटबोल्ट

हरिपूरघाट, एक गोष्ट आजच ठरवून टाका: अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीनं बोलायचे. फोनवर कुणी "सोळा एक्कावन्न तीस" सांगतो. तो १६ अंश ५१ मिनिटं ३० सेकंद म्हणतोय, म्हणजे दशांशात १६.८५८३. ऐकणाऱ्यानं ते १६.५१३० असं टाईप केलं तर बोट ३८ किलोमीटर दक्षिणेला निघाली. सगळ्या टॅबांत दशांश अंश, टिंबानंतर पाच आकडे, आणि बोलताना "सोळा पूर्णांक" म्हणायचंच.

कृष्णाकाठ

धुक्यासाठी मी सांगू का कांदाटीकर, नकाशाबिकाशा राहू दे. स्वच्छ दिवशी एकदा जाऊन वाट रेकॉर्ड करा आणि धुक्यात त्याच रेघेवरून जा.

नटबोल्ट

बरोबर, पण ती रेघ दुसऱ्या बोटवाल्याला दिलीत तर? जीपीएस ३ ते ५ मीटर अचूक असतं. बामणोलीहून निघालेली आणि मेट इंदवलीहून परतणारी बोट एकाच रेघेवर असली तर ती बरोबर समोरासमोर येणार, दोघंही पडद्यात बघत. म्हणून जाण्याची रेघ वेगळी, येण्याची वेगळी. प्रत्येकानं आपल्या उजव्या हाताला, मध्ये निदान ६० मीटर. वेग माणूस चालेल एवढा. भोंगा हाताशी. जॅकेट अंगात, बाकाखाली नव्हे.

रेकॉर्डिंग करताना त्या ॲपची बॅटरी मर्यादा काढून टाका. सेटिंगमध्ये ॲपच्या बॅटरीपुढं 'अनिर्बंध' निवडा. नाहीतर पडदा बंद झाला की अँड्रॉइड ॲपला झोपवतं आणि रेघ मधूनच तुटून एका टेकडीवरून सरळ पलीकडं जाते.

आणि निघण्याआधी रेंज असताना, बोट बांधलेली असतानाच जीपीएस लागू द्या. नेटची मदत असली की काही सेकंदांत लागतं. रेंज नसताना कोरा टॅब प्रत्येक उपग्रहाकडून त्याची कक्षा ऐकून घेतो, त्यालाच अर्धा मिनिट लागतो. सगळ्या उपग्रहांचं पंचांग, म्हणजे कोण कुठं असेल त्याचा ढोबळ तक्ता, उतरायला साडेबारा मिनिटं. चालत्या बोटीत, डोंगराआड, मध्येच सिग्नल तुटला की ऐकणं पहिल्यापासून.

माणदेशी

घरात चांगला वाय-फाय टॅब पडलाय, जीपीएस नाही. बाहेरून जोडता येतं ना?

नटबोल्ट

येतं. ब्लूटूथ रिसीव्हर घ्या. यूएसबीवाला स्वस्त पडतो, पण टॅबचं एकुलतं एक भोक अडतं आणि चार्जिंग कुठून करणार? सेटिंगमध्ये 'बिल्ड क्रमांक' सात वेळा दाबला की डेव्हलपर पर्याय उघडतात. त्यात 'मॉक लोकेशन ॲप' म्हणून रिसीव्हरचं ॲप निवडायचं. आयपॅडला मात्र कुठलाही स्वस्त ब्लूटूथ रिसीव्हर चालत नाही, ॲपलची मान्यता असलेलाच लागतो. तो घेण्यापेक्षा सिमवाला जुना अँड्रॉइड टॅब परवडतो.

कांदाटीकर

ठरलं मग. सिमवाला ८.७ इंची, फोमचा पडदा, १.५ची वायर, आणि रविवारी क्यूजीआयएस. शेवटचं एक: ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही, आणि शिंतोडे उडाले की आपोआप झूम होतो. त्याला काय करायचं?

बारा_व्होल्ट

पाण्याच्या थेंबाला पडदा बोटच समजतो. तीन गोष्टी. सुरक्षा सेटिंगमधलं 'ॲप पिन करा' चालू करा, म्हणजे थेंबांनी ॲप बंद होणार नाही. ऑसमँडमध्ये आवाजाच्या बटणांनी झूम लावून घ्या, पडद्याला हातच नको. आणि क्लॅम्पला एक सुती फडकं बांधून ठेवा. मायक्रोफायबर नको, ते ओलं झालं की पाणी पसरवतं.

'चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा' असा संदेश आला तर वायर काढा, टॅब उभा धरून तळहातावर आपटा, अर्धा-एक तास वाऱ्यावर ठेवा. फुंकर मारू नका, आणि संदेश बंद करून जबरदस्तीनं चार्जिंग तर मुळीच लावू नका. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की टिकल्या हिरव्या पडतात. बोटीवर चार्जिंग नसेल तेव्हा पोर्टला रबरी बूच लावा.